संख्यापक-व्याप्ती संदिग्धतेचे निरसन

एका वाक्यात दोन किंवा अधिक संख्यापक (प्रत्येक, सर्व, काही, एक, बहुतेक इ.) किंवा संख्यापक आणि नकार एकत्र आले, की त्यांपैकी कोणाचा अंमल कोणावर चालतो, म्हणजे कोणाची व्याप्ती मोठी, यानुसार वाक्याचे एकाहून अधिक अर्थ होतात. त्यांतला अभिप्रेत अर्थ संगणकाने ठरवणे म्हणजे या संदिग्धतेचे निरसन. नैसर्गिक भाषा प्रक्रियेतील अर्थविचाराचा हा एक जुना प्रश्न आहे.

स्वरूप : ‘प्रत्येक घरासमोर एक झाड आहे’ आणि ‘प्रत्येक घरातून एक डोंगर दिसतो’ या वाक्यांची घडण जवळपास सारखी आहे. पहिल्यात घरागणिक झाड वेगळे असते, म्हणजे ‘प्रत्येक’ची व्याप्ती मोठी, दुसऱ्यात डोंगर बहुधा एकच असतो, म्हणजे ‘एक’ची व्याप्ती मोठी. व्याकरणाला दोन्ही वाक्यांत दोन्ही अर्थ चालतात. निवाडा होतो तो झाडे आणि डोंगर यांविषयीच्या व्यावहारिक ज्ञानावरून. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ या वाक्यातही कोणीच आले नाही, की काही जण आले नाहीत, हे संदर्भाशिवाय कळत नाही. मराठीत द्विरुक्ती आणि शब्दक्रम यांची मदत होते. ‘प्रत्येक मुलाने एकेक पुस्तक वाचले’ म्हटले, की मुलागणिक पुस्तक असा अर्थ होतो. ‘एक पुस्तक प्रत्येक मुलाने वाचले’ यात ठरावीक पुस्तकाकडे ओढा दिसतो.

सैद्धांतिक पाया : संख्यापकांची आधुनिक तार्किक मांडणी गोट्लोप फ्रेगे यांनी १८७९ मध्ये केली. रिचर्ड माँटेग्यू यांच्या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात इंग्रजी वाक्यांचे असे भिन्न अर्थ औपचारिक नियमांनी मिळवून दाखवले आहेत. रॉबिन कूपर यांनी १९७५ मध्ये संख्यापक बाजूला साठवून नंतर हव्या त्या क्रमाने बाहेर काढण्याची पद्धत मांडली. रॉबर्ट मे यांनी १९७७ मध्ये तेच काम वाक्यरचनेतील अदृश्य स्थानांतराने साधले.

अर्थांची गणना : न संख्यापकांचे न! (१ ते न या संख्यांचा गुणाकार) इतके क्रम लागतात, पाच असतील तर १२०. पण सगळे क्रम ग्राह्य नसतात. ‘एका कंपनीच्या प्रत्येक प्रतिनिधीने बहुतेक नमुने पाहिले’ या धर्तीच्या वाक्यात सहांपैकी पाचच क्रम टिकतात. ‘प्रत्येक प्रतिनिधी’, मग ‘बहुतेक नमुने’ आणि शेवटी ‘एक कंपनी’ असा क्रम लावला, तर प्रतिनिधी कोणत्या कंपनीचे हे ठरण्याआधीच त्यांची मोजदाद करावी लागते. असे क्रम वगळून उरलेले अर्थ तयार करणारी रीत जेरी हॉब्ज आणि स्टुअर्ट शीबर यांनी १९८७ मध्ये दिली. त्यांच्या पाच संख्यापकांच्या एका उदाहरणात १२० पैकी ४२ अर्थ ग्राह्य ठरतात.

निवडीचे निकष : अर्थांची यादी करणे सोपे, निवड करणे अवघड. जॉर्जेट आयूप यांनी १९७५ मध्ये संख्यापकांची उतरंड सुचवली. तीत इंग्रजीतील ‘ईच’ मोठ्या व्याप्तीकडे सर्वाधिक झुकतो. कर्ता की कर्म, आधी की नंतर, हेही निकष वापरले जातात. डेरिक हिगिन्स आणि जेरॉल्ड सॅडॉक यांनी २००३ मध्ये अशा खुणांवरून यंत्राला पसंती शिकवली. मात्र झाड-डोंगरासारख्या जोडीत वाक्यरचनेतील खुणा पुरत नाहीत.

निर्णय लांबणीवर टाकणे : म्हणून अनेक प्रणाली अर्थ अर्धवट बांधून ठेवतात. योहान बॉस यांचे ‘होल सिमँटिक्स’ (१९९६) आणि अ‍ॅन कोपस्टेक व सहकाऱ्यांचे ‘मिनिमल रिकर्शन सिमँटिक्स’ (२००५) यांत वाक्याचे तुकडे आणि त्यांच्या जोडणीवरील बंधने एवढेच नोंदले जाते. सर्व अर्थ एकाच संक्षिप्त रूपात मावतात. भाषांतरात पुष्कळदा संदिग्धता तशीच लक्ष्यभाषेत नेता येते आणि निर्णयाची गरजच पडत नाही. विदागाराला प्रश्न विचारताना मात्र हा निर्णय टाळता येत नाही : ‘प्रत्येक ग्राहकाने घेतलेली एक वस्तू दाखवा’ याचे उत्तर ग्राहकागणिक एक ओळ, की सर्वांनी घेतलेली एकच वस्तू, हे आधी ठरवावे लागते.

तार्किक संबंध : एकच डोंगर सर्व घरांतून दिसत असेल, तर प्रत्येक घरातून कोणतातरी डोंगर दिसतो हे आपोआप खरे ठरते, उलट मात्र नाही. त्यामुळे अनुमान काढताना दुसरा, म्हणजे कमी दावा करणारा दुर्बळ अर्थ धरणे सुरक्षित असते. नकार आला, की हा संबंध उलटतो आणि सुरक्षित निवडही बदलते.