शरणपूरच्या आफ्रिकी मुलांची वंशावळ

नाशिकास गोदावरीच्या कांठीं तीर्थोपाध्यायांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्यांच्या चोपड्या आहेत. यात्रेस आलेल्या गृहस्थानें आपलें आडनांव व मूळ गांव सांगितलें, कीं उपाध्याय नेमकी चोपडी काढून त्याच्या पणजोबानें लिहिलेली ओळ त्याच्यापुढें ठेवतात. आपलें कूळ असें कागदावर उतरलेलें पाहून कोणास धन्य वाटणार नाहीं? परंतु ह्याच नाशिकास लागून असलेल्या शरणपूर वसाहतींत एकोणिसाव्या शतकांत अशींहि मुलें वाढलीं, कीं ज्यांच्या बापाचें नांव कोणत्याहि चोपडींत नव्हतें. तीं गुलामगिरींतून सुटलेलीं आफ्रिकी मुलें होतीं.

महाराष्ट्रास हबशी माणूस नवा नव्हता. निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर हा लहानपणीं आफ्रिकेंतून गुलाम म्हणून विकला गेला होता. त्याचें मूळचें नांव चापू असल्याचें सांगतात. ‘अंबर’ हें नांव त्याला धन्यानें दिलें. अंबर म्हणजे सुगंधी द्रव्य, याकूत म्हणजे माणिक. मौल्यवान वस्तूंचीं नांवें गुलामांना देण्याची पश्चिम आशियांत रीतच होती. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाचें नांव वाचतांना ही रीत ध्यानांत ठेवली पाहिजे. मात्र अंबरानें राज्य राखलें व जंजिरेकरांनीं राज्य केलें, म्हणून त्यांच्या हकीकती बखरींत व तवारिखांत उतरल्या. मुंबईच्या गोदींत राबणाऱ्या किंवा आगबोटींच्या भट्टींत कोळसा लोटणाऱ्या सामान्य सिद्द्याची बखर कोण लिहिणार?

हिंदुस्थानांत १८४३ च्या कायद्यानें गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली. पण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा व्यापार पुढेंहि चालूच राहिला. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रांत गुलामांचीं गलबतें पकडी आणि सुटलेल्यांपैकीं पुष्कळांना मुंबईस आणून पोलिसांच्या स्वाधीन करी. त्यांतील कांहीं मुलें चर्च मिशनरी सोसायटीकडे सोंपविण्यांत आलीं. विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं वसविलेल्या शरणपुरांत त्यांना लिहिणें-वाचणें शिकवीत आणि सुतारकाम, लोहारकाम असे धंदेहि शिकवीत.

येथेंच त्यांचीं नांवें बदललीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं मूल नवें नांव घेई, आणि आडनांव कित्येकदां एखाद्या मिशनऱ्याचेंच असे. १८६६ सालीं डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेस गेलेल्या नाशिकच्या नऊ तरुणांत सायमन प्राइस व रिचर्ड आयझेनबर्ग हे होते. प्राइस हे शरणपूरचे संस्थापक, तर आयझेनबर्ग हे मुंबईंतील आफ्रिकी आश्रमाचे चालक. आडनांवावरून कूळ ओळखण्याची आपली संवय येथें साफ फसते. हें आडनांव रक्ताचें नातें सांगत नाहीं. मूल कोणत्या दारांतून आंत आलें, एवढेंच तें सांगतें.

नाशिकांत शिकलेल्या जेकब वेनराइटचें उदाहरण तर मनाला चटका लावणारें आहे. १८७३ सालीं चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हां जेकबनें प्रार्थना म्हटली आणि तेथील झाडावर मृताचें नांव कोरलें. शवाबरोबर तो इंग्लंडास गेला, व १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींतील अंत्यविधींत शवपेटीचा मान धरणाऱ्यांत तोहि होता. दुसऱ्याचें नांव झाडावर अक्षय करूं पाहणाऱ्या ह्या तरुणाच्या स्वतःच्या आईबापांचीं नांवें मात्र इतिहासास ठाऊक नाहींत.

पुढें प्राइस मोंबासाकडे गेले आणि १८७५ सालीं तेथें फ्रिअरटाउन ही वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला हें नांव मिळालें. शरणपूरचीं सुमारें दीडशें माणसें तिकडे गेलीं. लोक त्यांना ‘मुंबईचे आफ्रिकी’ म्हणत. आज त्यांच्या वंशजानें पूर्वजांचा माग काढावयाचा म्हटलें, तर त्याला उलट्या पावलीं चालावें लागतें. मोंबासाच्या चर्चमधून तो नाशिकास येतो, नाशिकाहून मुंबईस, आणि मुंबईहून पकडलेल्या गलबतापाशीं. मिशनऱ्यांचीं पत्रें बर्मिंगहॅमच्या विद्यापीठांत आहेत, सरकारी दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारांत आहे, आणि मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. बाप्तिस्म्याच्या ओळींत नवें नांव सांपडतें. गलबताच्या कागदांत बहुधा केवळ संख्या सांपडते. वय, तारीख आणि सोबती ह्यांच्या आधारें हे दोन कागद जुळवावे लागतात. म्हणून एकट्या माणसाचा शोध न घेतां त्याच्याबरोबर सुटलेल्या साऱ्या टोळीचा शोध घेणें श्रेयस्कर.

क्वचित् ह्या अंधारांत एखादी पणती तेवत राहते. लिव्हिंग्स्टनचें शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत नाशिकचा मॅथ्यू वेलिंग्टन होता. तो १९३५ सालीं मोंबासास वारला. त्याचें जन्मनांव चेंग्विंबे. धरणाऱ्यांनीं त्याचें गांव नेलें, नोंद करणाऱ्यांनीं त्याला दुसरें नांव दिलें. तरीहि आपण मूळचे याओ जमातीचे चेंग्विंबे, ही खूण त्यानें टाकली नाहीं. गोदाकांठच्या चोपडींत जी ओळ पणजोबाच्या हातची असते, ती ह्या मुलाला स्वतःच्या स्मरणांत जपून ठेवावी लागली.