तारखेचा वार तपासणारे मास्तर : शंकर बाळकृष्ण दीक्षित

विज्ञान आणि इतिहास या दोन्हींचा नाद एकाच माणसाला लागला तर काय घडतं, हे आज आपण शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या आयुष्यातून पाहू या.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली मुरूडचा. हे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे, दापोलीजवळचं. धोंडो केशव कर्व्यांचं गाव. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले आणि अखेरपर्यंत शिक्षकच राहिले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे. विद्यापीठाची पदवी नाही, हाताशी वेधशाळा नाही. १८९८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. शाळा सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी काय केलं, ते समजण्यासाठी आधी एक अडचण नीट समजून घेऊ.

आपले जुने शिलालेख आणि ताम्रपट बहुधा वर्षाचा आकडा देतात. पण तो आकडा कुठून मोजायचा? गुप्त राजांचंच पाहा. त्यांच्या लेखांतलं वर्ष १ म्हणजे इसवी सनाचं कितवं वर्ष, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. कोणी म्हणे हा शककालच आहे, म्हणजे इ.स. ७८ पासूनचा. कनिंगहॅम यांनी १६६-१६७ चा आरंभ धरला. अल्बेरुनीने गुप्तकाल शककालाच्या २४१ वर्षांनंतरचा सांगितला होता. त्यावरून ३१९ च्या सुमाराचा आरंभ निघतो. फरक थोडाथोडका नाही, जवळजवळ अडीचशे वर्षांचा! समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, त्यांच्या काळातली नाणी, मंदिरं, सगळं त्याबरोबर मागेपुढे सरकणार.

आता मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचं गाव आहे. तिथल्या बुधगुप्ताच्या काळातल्या स्तंभलेखात मिती दिली आहे : वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. यातला ‘गुरुवार’ हा शब्द फार मोलाचा. का? तर तिथी ठरते चंद्र-सूर्यांच्या अंतरावरून. चंद्र सूर्याच्या पुढे १३२ अंशांपासून १४४ अंशांपर्यंत असतो तेव्हा शुद्ध द्वादशी. वार मात्र आकाशाकडे बघतच नाही. सातांची रांग अखंड चालू. म्हणून एखाद्या वर्षी आषाढ शुद्ध द्वादशीला कोणता वार येतो, हे गणितानेच काढावं लागतं. वर्ष चुकीचं धरलं तर वार बहुधा जुळत नाही.

इतिहाससंशोधक जॉन फ्लीट तेव्हा गुप्तांच्या लेखांचं संपादन करत होते. त्यांच्या लेखांतल्या मितींचं गणित दीक्षितांनी करून दिलं. अहर्गण म्हणजे दिवसांची मोजणी, मग सूर्य, मग चंद्र, मग तिथी, सगळं हातानं. एरणची मिती आली गुरुवार, २१ जून ४८४. १६५ मध्ये ३१९ मिळवा, ४८४ येतात.

पण इथेच थांबून चालत नाही. वार सातच, एखादी मिती योगायोगानेही जुळू शकते. म्हणून दुसरा पुरावा हवा. गुप्तकालातल्या काही ताम्रपटांत ‘महावैशाख’ अशी संवत्सरांची नावं आहेत. ती गुरूच्या बारा वर्षांच्या चक्राची असून सूर्याच्या तेजात लोपलेला गुरू पुन्हा ज्या नक्षत्री उगवतो त्यावरून पडतात, हे दीक्षितांनी उलगडून दाखवलं. १८८८ साली फ्लीट यांचा ग्रंथ आला, त्यात लेखांच्या पुराव्याला ही आकाशाची साक्षही होती.

१८९६ हे वर्ष तर विलक्षणच. रॉबर्ट स्यूएल यांच्यासह दीक्षितांनी ‘द इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ दिला. त्यातली कोष्टकं हाती घेऊन कोणीही जुन्या मितीची तारीख काढावी. त्याच वर्षी त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा इतिहास प्रसिद्ध झाला, तो मराठीत. वेदकाळापासून गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’पर्यंत आणि पुढे केरो लक्ष्मण छत्र्यांपर्यंत. पुढे त्याची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरं झाली. मूळ मात्र आपल्या भाषेत आहे.

त्यांची सगळीच अनुमानं सर्वमान्य झाली असं नाही. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचा उल्लेख येतो. आज कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. अयनचलनाचं गणित करून दीक्षितांनी तो काळ इ.स.पू. ३००० च्या सुमारास नेला. भाषाभ्यासक तो ग्रंथ बराच अलीकडचा मानतात. ‘पूर्व’ म्हणजे अगदी नेमका पूर्वबिंदू का, असाही प्रश्न विचारला गेला. लक्षात घ्या, वाद आहे तो त्या वाक्याच्या अर्थाचा. अर्थ कोणता धरला आणि त्यातून काळ कसा निघाला, हे दीक्षितांनी समोर मांडून ठेवलं, म्हणून तर नेमक्या जागी बोट ठेवून वाद घालता येतो.

आम्हांला त्यांची आठवण एवढ्यासाठी महत्त्वाची वाटते. आपल्याकडे प्राचीनत्वाचे दावे दोन्ही बाजूंनी मोठ्या आवाजात होतात. आपल्या गावच्या देवळात मिती आणि वार असलेला एखादा लेख असेल, तर दावा ऐकण्याआधी तो वार जुळतो का, ते पाहायला काय हरकत आहे? कोष्टकं तयार आहेत. शाळेत बेरीज-वजाबाकी शिकवणाऱ्या एका मास्तरांनीच ती करून ठेवली आहेत.