लाल रेघ आणि भाषेची सीमा : भिलाईच्या संदर्भात संगणकीय शुद्धलेखन-तपासणी

नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भातील मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. दुर्ग जिल्हा व त्यातील भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिली. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि भारतभरच्या भाषकांबरोबर मराठी भाषकही या नगरीत स्थिरावले. त्यांच्या लेखनाला नियम लावणारी यंत्रणा मात्र आता दुसऱ्या राज्यात होती.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले आणि तत्सम शब्दांचे अन्त्य इकार-उकार दीर्घ ठरले. मराठीत ‘शक्ती’, ‘कवी’. हिंदीत ‘शक्ति’, ‘कवि’. समासात मात्र मराठीही ‘शक्तिपीठ’, ‘कविसंमेलन’ असेच लिहिते. एकाच लिपीतील दोन शेजारी भाषांचा हा भेद छत्तीसगढमध्ये रोजच्या व्यवहाराचा आहे.

शब्दसंस्कारकात हाच भेद तांत्रिक प्रश्न होऊन येतो. युनिकोडमध्ये हिंदी व मराठीची अक्षरे एकाच देवनागरी विभागात आहेत. त्यामुळे केवळ अक्षरांवरून भाषेचा निश्चित निर्णय होत नाही. मजकुराला भाषेचा निर्देश स्वतंत्रपणे जोडावा लागतो. हिंदीचा निर्देश असलेल्या मजकुरात ‘कवी’ या निर्दोष मराठी शब्दाखाली लाल रेघ उमटू शकते. द्वैभाषिक लेखात तर प्रत्येक उताऱ्याची भाषा वेगळी नोंदवणे अगत्याचे ठरते.

निर्देश योग्य असला तरी शब्दांची साधी यादी मराठीला पुरत नाही. हिंदी ‘घर में’ असे सुटे लिहिते. मराठी ‘घरात’, ‘घरातून’, ‘घरापर्यंत’ असे जोडून लिहिते. ‘फूल’चे ‘फुलाला’ आणि ‘बहीण’चे ‘बहिणीला’ होताना मूळ शब्दाचा स्वरही ऱ्हस्व होतो. मूळतः हंगेरियनसारख्या प्रत्ययबहुल भाषेसाठी घडवलेली हनस्पेल ही प्रणाली मराठीला उपयुक्त ठरली, ती शब्दसंग्रहाबरोबर प्रत्ययांचे नियमही स्वतंत्रपणे नोंदवता येतात म्हणून. तरीही ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील निवड एकेकटा शब्द तपासणाऱ्या यंत्राला करता येत नाही. तेथे वाक्याचा अर्थच लावावा लागतो.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने खरा धोका निराळाच आहे. १९६२ पूर्वीच्या मजकुरातील ‘नाहीं’, ‘कांहीं’ ही रूपे त्या काळचा पुरावा होत. स्वयंचलित दुरुस्ती चालू ठेवून असा मजकूर टंकित केल्यास हा पुरावा निमूटपणे पुसला जाऊ शकतो. म्हणून जुन्या संहितेपुरती तपासणी बंद ठेवणे किंवा तिच्यासाठी स्वतंत्र शब्दकोश जोडणे, हा संपादनशास्त्राचाच भाग मानावा लागतो. लाल रेघ एका विशिष्ट काळातील व राज्यातील प्रमाणाचा निर्वाळा देते. त्या प्रमाणाआधी किंवा त्याच्या सीमेपलीकडे लिहिल्या गेलेल्या मराठीचा न्याय तिच्याकडे सोपवता येत नाही.