रंदा, रंधा आणि शिकलगार

दर पावसाळ्यात उलव्यातल्या आमच्या घराच्या बाथरूमचे दार फुगते. खाडी जवळ, हवा दमट. लाकूड पाणी पिते आणि दार चौकटीत अडकते. गेल्या वर्षी शेजाऱ्यांकडून रंधा मागून आणला आणि दार उतरवून त्याची वरची कड स्वतःच छिलायला घेतली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोर लावून रंधा ढकलला, आणि पलीकडच्या कोपऱ्याचा कपचा उडाला. शेवटी मिस्त्रींना बोलवावे लागले. ते मूळचे उत्तर प्रदेशातले, साठी ओलांडलेले. कोपरा पाहून हसले आणि म्हणाले, "मास्टरसाहब, रंदा दोनों तरफ से बीच में लाते हैं."

ते रंदा म्हणाले, मी रंधा म्हणतो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाचे कान अशा वेळी टवकारतात. शब्द मूळचा फारसी. 'रंदीदन' म्हणजे छिलणे, खरवडून सपाट करणे, त्यावरून 'रंदा'. इराणमध्ये गाजर किसायच्या किसणीलाही हाच शब्द आहे, आणि तुर्कीतही 'रेंदे' म्हणजे किसणीही आणि रंधाही. मराठीत 'द'चा 'ध' झाला आणि शब्द इथलाच झाला. हत्यार तर शब्दाहून जुने असावे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातही रंधे सापडले आहेत.

सुताराच्या पेटीत आणखी पाहा. करवत संस्कृत 'करपत्र'वरून आली. काटकोन तपासायचा गुण्या फारसी 'गुनिया'तून, आणि तो शब्द ग्रीक 'गोनिया' म्हणजे 'कोन' यातून. "तुमचे मराठी इतके चांगले कसे?" असे मला अजूनही अधूनमधून विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, हे मी जाणतो. पण त्याच्या घरातल्या दाराला ज्याने आकार दिला, त्या हत्याराचे नाव कुठून आले हे कुणीच विचारत नाही. ते आपले म्हणूनच वापरले जाते.

मिस्त्रींनी लगेच दाराला हात लावला नाही. आधी रंध्याची पाचर सैल करून पाते बाहेर काढले आणि मला बोट न लावता धार बघायला सांगितले. उजेडात धारेवर पांढरी रेघ चमकत होती. धार चमकली म्हणजे ती बोथट, कारण तीक्ष्ण धारेला उजेड परत फेकायला जागाच नसते. निसण्यावर तेलाचे थेंब टाकून त्यांनी पात्याचा उतार साधारण २५ ते ३० अंशांत धरला आणि घासला. मग पाते उलटे करून पाठ निसण्यावर अगदी सपाट ठेवली आणि धारेला आलेला खरखरीत कंगोरा काढला. पाते पुन्हा बसवले, रंधा उलटा धरून तळावरून एक डोळा मिटून पाहिले. पाते केसभर बाहेर. जास्त आले तर रंध्याच्या मागच्या बाजूला हलका ठोका द्यायचा, की ते आत सरते. तळावर मेणबत्ती घासली. मग दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत रंधा मारला. सुरुवातीला जोर पुढच्या हातावर, शेवटी मागच्या हातावर. उभ्या कडेची सलग, कागदासारखी साल निघत होती. जिथे रेषा उचकटू लागल्या, तिथे त्यांनी रंध्याची दिशा बदलली.

धार लावणारा तो हात पाहताना मला मिरज आठवले. 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणे, ते करणारा सैकलगर. त्याचाच मराठीत शिकलगार झाला. तलवारी, भाले यांना धार लावणे हे या मुस्लिम कारागिरांचे काम. १८१८ मध्ये पेशवाई संपली, लढाया थांबल्या आणि शस्त्रांचे काम आटत गेले. मिरजेच्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. धार ओळखणारा हात लाकडाकडे वळला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांतून तंबोरे होऊ लागले. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

माझ्या वर्गात शिकलगार आडनावाचा एक मुलगा होता. आडनावाचा अर्थ विचारला तर त्याने मान खाली घातली. "सर, सुऱ्यांना धार लावणारे," असे हळूच म्हणाला. मी त्याला मिरजेची गोष्ट सांगितली. हजरत झकरिया सुतार होते, असे हदीसमध्ये आहे, हेही सांगितले. आपल्या घरांमध्ये हे सगळे ऐकवले जाते, पण मुलाने हातात रंधा धरला की घरच्यांचा चेहरा पडतो. मान आपण पूर्वजांच्या हातांना देतो, आपल्या मुलांच्या हातांना देत नाही.

मिस्त्रींनी निघताना दोन गोष्टी बजावल्या. पावसात फुगलेले दार बेताने छिला, नाहीतर उन्हाळ्यात फट पडेल. आणि छिललेली कड रंगवा, कारण कोरे लाकूड पुन्हा पाणी पिते. रंधा परत करताना मी पात्याला मशीनचे तेल पुसले, कारण खाडीच्या हवेत दोन दिवसांत गंज चढतो. ठेवलाही कुशीवर, धार जमिनीला टेकू नये म्हणून.

त्यांचा मुलगा काय करतो, असे मी विचारले होते. "मोबाइल की दुकान पर है," ते म्हणाले. मग पिशवीत निसणा ठेवत सहज पुढे बोलले, "धार लगाना उसको सिखाया नहीं. उसने पूछा नहीं."

यंदा दार नीट लागते. कोपऱ्यावरचा माझा कपचा मात्र अजून तसाच दिसतो.