आयबेरिओटॉक्सिन

आयबेरिओटॉक्सिन हे भारतीय तांबड्या विंचवाच्या (शास्त्रीय नाव: हॉटेंटोटा टॅम्युलस; पूर्वीचे नाव: मेसोब्युथस टॅम्युलस) विषातून वेगळे केलेले लहान प्रथिन आहे. ते ३७ अमिनो आम्लांचे असून तीन डायसल्फाइड बंधांमुळे त्याची घडी घट्ट राहते. चेतापेशींच्या पटलावरील ‘बीके’ या पोटॅशियम वाहिनीच्या अभ्यासासाठी ते प्रयोगशाळांत वापरले जाते. हा विंचू कोकणासह महाराष्ट्राच्या अनेक भागांत आढळतो.

== कार्य ==
पेशीतील कॅल्शियम वाढले की बीके वाहिनी उघडते आणि पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात. त्यामुळे उत्तेजित चेतापेशी पुन्हा शांत होते. आयबेरिओटॉक्सिन बाहेरच्या बाजूने वाहिनीच्या तोंडाशी बसून हा मार्ग बुजवते. ते घालण्यापूर्वीच्या व नंतरच्या विद्युत नोंदींतील फरकावरून पेशीच्या कार्यात या वाहिनीचा वाटा किती, हे कळते. मण्यारीच्या एका जातीच्या विषातील अल्फा-बंगारोटॉक्सिनामुळे असिटिलकोलिनचा ग्राही ओळखणे असेच सुकर झाले होते.

== शोध व मर्यादा ==
या विषद्रव्याचे वर्णन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत दुसऱ्या एका विंचवाचे कॅरिब्डोटॉक्सिन वापरले जाई. परंतु ते इतर काही पोटॅशियम वाहिन्याही अडवत असल्याने निष्कर्ष संदिग्ध राहत. आयबेरिओटॉक्सिन रचनेने त्याच्याशी मिळतेजुळते, पण कितीतरी अधिक निवडक आहे. तरीही ते सर्वत्र लागू पडत नाही. मेंदूतील ज्या बीके वाहिन्यांना बीटा-४ हे उपएकक जोडलेले असते, त्यांच्यावर त्याचा परिणाम फारच कमी होतो. म्हणून ‘परिणाम दिसला नाही, म्हणजे तेथे वाहिनी नाही’ असे अनुमान चुकीचे ठरू शकते.

== विंचूदंशाशी संबंध ==
दंशाची घातकता केवळ आयबेरिओटॉक्सिनामुळे येते, असे मानणे योग्य नाही. विषातील इतर घटक सोडियम वाहिन्या उघड्या ठेवतात. त्यामुळे स्वायत्त चेतासंस्था अतिउत्तेजित होऊन रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो व फुफ्फुसांत पाणी साचू शकते. लहान मुलांना हा धोका अधिक असतो. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात अशा रुग्णांसाठी प्राझोसिन वापरले. हे औषध विषाला निष्प्रभ करत नाही, तर रक्तवाहिन्यांवरील अल्फा-ग्राही रोखते. या उपचाराने दगावणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ घटले. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.