कोयनेची भेग आणि रंगपट्ट्यांचे चित्र

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० माणसे दगावली आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला आडव्या भेगा पडल्या.

या धरणाचे पाणी कराडला कृष्णेला मिळते. तेथून ते सांगलीवरून नृसिंहवाडीला येते, पंचगंगेला सोबत घेते आणि संगमाकाठच्या कुरुंदवाडला वळसा घालून पुढे जाते. कृष्णेचे पाणी एका दाराने देवळात शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वाराचे पुण्यस्नान करणारा हा मुलूख. पाण्याची चढउतार त्याला नवी नाही. पण पावसाने चढणारे पाणी वेगळे आणि भिंत फुटून येणारे पाणी वेगळे. म्हणून भिंतीला भेग नेमकी कोठे आणि का पडली, हा प्रश्न केवळ कोयनानगरचा नव्हता. कराडपासून कुरुंदवाडपर्यंतच्या प्रत्येक काठाचा तो होता.

भेगा पडल्या त्या विशिष्ट जागी. धरणाची भिंत खाली रुंद, वर अरुंद असते. कोयनेच्या भिंतीची खालच्या अंगाची बाजू पायापासून सुमारे ६६ मीटरवर एकदम उतार बदलते. तेथून वर ती जवळजवळ उभीच जाते. पाणी न सांडणाऱ्या भागांत भेगा या वळणाच्या आसपासच उमटल्या, आणि त्याही दोन्ही अंगांना. काही ठिकाणी पाणी झिरपताना दिसले. धरण मात्र उभे राहिले.

भूकंपाचे बळ वजनाच्या ५ टक्के धरून हा आराखडा केलेला होता. धरणातच बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे टिपलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या घरात होता. अशी नोंद हाती असणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट. भारताबाहेरच्या अभ्यासकांचे लक्ष कोयनेकडे वळले ते याच कागदामुळे.

कॅलिफोर्नियातील बर्कले येथे तेव्हा एक नवी गणितपद्धत रुजत होती. वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकड्याचे साधे समीकरण मांडायचे, ती सारी एकत्र सोडवायची. रे क्लफ यांनी १९६० साली तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. पुढे क्लफ आणि एडवर्ड विल्सन यांनी ही पद्धत एका खऱ्या बांधकामावर लावली. तेही धरणच होते, अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातले भेग पडलेले नॉर्फोर्क धरण. त्याच बर्कलेत अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी कोयनेचा छेद तुकड्यांत विभागला, टिपलेला धक्का त्याला दिला आणि १९७३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काँक्रीट जेवढा ताण सोसू शकेल त्याच्या दुपटी-तिपटीने ताण उताराच्या वळणापाशी येत होता. भेगा होत्या तेथेच.

हे निष्कर्ष चित्रात आले ते काळ्या रेषांनी. नकाशावर समान उंचीच्या जागा जोडाव्यात तशा समान प्रतिबलाच्या जागा जोडलेल्या, प्रत्येक रेषेवर आकडा लिहिलेला. वाचणाऱ्याला आकडा पाहावाच लागे.

रंग नंतर आले, पण त्यांची आठवण जुनी होती. ताणलेल्या काचेतून ध्रुवित प्रकाश सोडला की रंगांचे पट्टे उमटतात, हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच पाहिले होते. पुढे अभियंते पारदर्शक नमुने करून ते पट्टे मोजत बसत. तेथे रंग पदार्थातूनच येत असे. संगणकाचा रंगीत पडदा आला तेव्हा तेच रूप गणिताने घेतले. फरक इतकाच, की आता रंग माणूस ठरवतो.

तो कसा ठरतो हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक तुकड्याच्या आतील ठरावीक बिंदूंवर प्रतिबल काढले जाते. ते कोपऱ्यांपर्यंत ताणून नेले जाते; एका कोपऱ्यावर चार तुकड्यांची चार उत्तरे आली तर बहुधा त्यांची सरासरी घेतात. मग सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांमधले अंतर नऊ, दहा, बारा समान पट्ट्यांत कापतात. तळाला निळा, माथ्याला तांबडा. म्हणजे प्रत्येक चित्रात तांबडे असतेच, धरण भक्कम असले तरी! तांबडा म्हणजे धोका नव्हे, त्या चित्रातले सर्वांत मोठे मूल्य. धोका कळतो तो शेजारच्या रंगपट्टीवरचा आकडा काँक्रीटच्या ताकदीशी ताडून पाहिल्यावर. सरासरीने गुळगुळीत झालेले पट्टे तर उलट फसवे. सरासरी काढून टाकली आणि रंग तुकड्यातुकड्यांत फुटले, तर तुकडे फार मोठे घेतले होते असे समजावे.

कोयनेच्या वळणापाशी आणखी एक पेच आहे. आत वळलेल्या टोकदार कोपऱ्यात साध्या गणिताने येणारे प्रतिबल तुकडे बारीक करावे तसे वाढतच जाते, त्याला अंत नाही. तेथला तांबडा ठिपका जागा बरोबर दाखवतो, आकडा मात्र नाही. म्हणून पुढच्या अभ्यासकांनी काँक्रीट तडकल्यानंतर कसे वागते याचेच समीकरण मांडले. जीहो ली आणि ग्रेगरी फेनवेस यांनी १९९८ साली तसे प्रारूप कोयनेवर चालवले. त्या चित्रातला रंग प्रतिबलाचा नाही, हानीचा आहे: शून्य म्हणजे धड, एक म्हणजे तडकलेले. वळणापासून आत जाणारा अरुंद पट्टा त्यात दिसतो.

आता व्यवहार उलटा झाला आहे. पूर्वी गणित भेगेचे कारण शोधी. आज भेग गणिताची परीक्षा घेते. अबॅकससारख्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहात कोयना आहे. जगात कोठेही काँक्रीटचे नवे प्रारूप कोणी रचले, की बहुधा हाच छेद आणि हाच धक्का देऊन पट्टा ६६ मीटरच्या वळणाशी उमटतो का, ते पाहतो.

पडद्यावरचा तो छेद मात्र १९६७ चाच राहिला आहे. प्रत्यक्षात भेगा भरून घेतल्या गेल्या आणि भिंतीच्या खालच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम आधार बांधले गेले. कराड, सांगली, कुरुंदवाड यांच्या वरच्या अंगाला आज उभी असलेली भिंत ही त्या चित्रातली भिंत नाही.