हाकुबा : बर्फाखालची फुलं

जपानमधलं हाकुबा मी दोन्ही ऋतूंत पाहिलंय. फेब्रुवारीत हाप्पो-ओनेचा डोंगर नुसता पांढराशुभ्र, स्की करणाऱ्यांची ही गर्दी! जुलैत लिफ्टने वर गेलो, तर तिथे रानफुलं. तेव्हा १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकचा वाद नीट कळला. डाउनहिल शर्यत १८०० मीटर उंचीवरून सुरू करा, असं आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचं म्हणणं. आयोजक १६८० वर अडून बसले, कारण त्याच्या वर राष्ट्रीय उद्यानाचा संरक्षित भाग. महासंघ म्हणे, साधे पर्यटक तिथून स्की करतातच की! शेवटी १७६५ मीटरवर तडजोड झाली. हिवाळ्यात हा वाद नुसता आकड्यांचा वाटतो. नेमकं काय जपायचं होतं, ते उन्हाळ्यात दिसतं.